कमानीखाली काकू

शिकागोकडून इंडियानात शिरलं की पहिला तासभर राज्य बदलल्यासारखं वाटतच नाही. गॅरीच्या आसपास पोलादाचे कारखाने, मालगाड्यांचे रूळ, आणि ट्रक. पुढेही ट्रक, मागेही ट्रक. मग पासष्ट नंबरचा इंटरस्टेट एकदा दक्षिणेकडे तोंड करून सरळ झाला की झाला. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि बराचसा मका निघालेला होता. कुठे कुठे कापणीचं अजस्र यंत्र एकटंच धूळ उडवत चाललेलं. हा मका आपण भाजून, लिंबू-मीठ लावून खातो तो नव्हे. तो कणसावरच कडक वाळू देतात आणि मग गुरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये नि शीतपेयांच्या गोड पाकात घालवतात. एवढ्या मक्यातून जाताना वाटेत खायला मात्र कणीस मिळत नाही, याचं आमच्या लेकीला फारच नवल वाटलं.

मध्येच शेतांतून पवनचक्क्या सुरू होतात त्या कितीतरी मैल संपत नाहीत. लफायेतच्या अलीकडे कधीतरी घड्याळ तासभर पुढे उडी मारतं, कारण इंडियानाचा हा वायव्य कोपरा शिकागोच्या वेळेने चालतो आणि बहुतेक राज्य न्यूयॉर्कच्या. २००६ पर्यंत तर राज्याच्या मोठ्या भागात उन्हाळ्यात घड्याळ बदलायची पद्धतच नव्हती. अशा हट्टी माणसांच्या मुलखात माझी कॉलेजातली मैत्रीण येऊन राहिली आहे, आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, तेव्हा ते एका परीने ठीकच झालं.

गाव कोलंबस. ओहायोतलं मोठं शहर ते हे नव्हे. हे इंडियानातलं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला तासाभरावर. अमेरिकेत कुणाला सांगितलं तर ‘कुठलं कोलंबस?’ असं विचारतात. पुण्यात सांगितलं तर निदान कोथरूडमध्ये तरी विचारत नाहीत. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मूळ गाव हे. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर भागीदारीत कोथरूडला कारखाना निघाला तेव्हापासून या गावाची आणि पुण्याची ये-जा चालू आहे. आम्ही दोघी शिकलो ते कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ मध्ये सुरू झालं, तेही याच कंपनीचं नाव लावून. गुणपत्रिकेवर, ओळखपत्रावर, बसच्या पासच्या अर्जावर आम्ही ते नाव लिहीत होतो. ते कुणा माणसाचं आडनाव असेल आणि तो माणूस कुठल्या तरी गावात राहत असेल, असा विचार तेव्हा एकदाही मनात आला नाही.

माणूस होता आणि त्याची गोष्टही झकास आहे. क्लेसी कमिन्स हा इथल्या अर्विन नावाच्या बँकवाल्या कुटुंबाचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्याच्या इंजिनाच्या वेडापायी १९१९ साली मालकाने पैसे घातले आणि १९३७ पर्यंत कंपनीने नफ्याचं तोंड पाहिलं नाही. इतकी वर्षं पैसे बुडताना बघत बसणारा सावकार आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांत तरी मला भेटलेला नाही. मधल्या काळात, १९३१ साली, यांची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली. पहिली आली नाही, पण इंधनासाठी एकदाही न थांबता तिने शर्यत पुरी केली. बाकीच्या गाड्या थांबत होत्या, ही आपली चालत राहिली. माझी मैत्रीण याच स्वभावामुळे या कंपनीत टिकली असावी.

कोलंबसला जायचं ठरलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी केली होती. कारण हे गाव दुसऱ्याच एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. एवढ्याशा गावात जगातल्या मोठमोठ्या वास्तुशिल्पकारांच्या इमारती आहेत, आणि त्या चर्च, शाळा, वाचनालय, टेलिफोन एक्स्चेंज, अग्निशमन केंद्र आणि तुरुंग अशा रोजच्या कामाच्या आहेत. बँकवाल्या कुटुंबातला पुढच्या पिढीचा जे. अर्विन मिलर कंपनीचा प्रमुख झाला. युद्धानंतर मुलांची संख्या वाढली, गावाला घाईघाईने शाळा बांधाव्या लागत होत्या आणि त्या तशाच घाईच्या दिसत होत्या. मिलरला हवे होते चांगले इंजिनिअर. चांगला इंजिनिअर मक्याच्या शेतात बायकामुलांना घेऊन का येईल? तेव्हा मिलरने शाळामंडळाला सांगितलं की आम्ही सुचवलेल्या नावांतून तुम्ही वास्तुशिल्पकार निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. बांधकामाचा खर्च तुमचा. १९५७ साली अशी पहिली शाळा उभी राहिली आणि मग ही सवलत गावाच्या बाकी सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. दानशूरपणा आहेच, पण हिशेबही आहे, आणि मला त्यातला हिशेबच जास्त आवडतो. इमारत फुकट दिली असती तर गावाने ती देणगी म्हणून वापरली असती. इथे पैसे गावाचे गेले, त्यामुळे भांडणंही गावाने केली.

इंटरस्टेटवरून उतरतानाच लाल कमानींचा पूल लागतो आणि मग गावात शिरताना दुसरा, लाल खांबाला केबलींनी टांगलेला, १९९९ सालचा. त्याच्या तारांच्या मधोमध समोर १८७४ सालच्या कोर्टाचा मनोरा बरोब्बर बसवलेला आहे. मी ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत नवऱ्याने डावीकडे वळवलं. जीपीएसला मनोऱ्याशी देणंघेणं नव्हतं.

मैत्रिणीचं घर मात्र अगदी चारचौघांसारखं. अमेरिकेत कुठेही असतं तसं, दोन गाड्यांच्या गॅरेजचं, पुढे हिरवळ, मागे डेक. दारात आकाशकंदील, त्याच्या खाली पायरीवर भोपळा, भोपळ्याला डोळे आणि दात. दिवाळी आणि हॅलोविन या खेपेला गळ्यात गळा घालून आले होते. नरकचतुर्दशी नेमकी एकतीस ऑक्टोबरला.

दार काकूंनी उघडलं. मैत्रिणीची आई. काका गेल्यापासून सहा महिने इथे आणि सहा महिने कर्वेनगरला असं त्यांचं चालू आहे. मैत्रीण दिवसभर इंजिनांच्या चाचण्यांत, जावई घरीच असतो पण पुण्याच्या वेळेत मीटिंगा घेतो म्हणून सकाळी झोपलेला, नातवंडं शाळेत. मला वाटलं होतं काकू कंटाळलेल्या असतील. काकूंनी पहिलं वाक्य टाकलं ते असं, “या. उद्या पहाटे पाचला उठायचंय. कारीट मिळालेलं नाही, पण सोय केलीये.”

सोय म्हणजे दुकानात शोभेसाठी ठेवतात ते छोटेसे रंगीत भोपळे. पहाटे सगळ्यांना तेल-उटणं लावून झालं, मोती साबणाचा वास घरभर झाला, आणि अंगणात, म्हणजे गॅरेजच्या तोंडाशी, धाकट्या नातवाने ‘गोविंदा’ म्हणून डाव्या अंगठ्याने भोपळ्यावर दाब दिला. भोपळा हलला नाही. टाच मारली. भोपळा टुणकन उडून शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर गेला. थोरलीने बूट घालून प्रयत्न केला. नरकासुर जसाच्या तसा. काकू शांतपणे फुटपाथकडे गेल्या, तिथे ओळीने लावलेल्या झाडांखाली पडलेली बोराएवढी सफरचंदं, क्रॅबॲपल म्हणतात ती, मूठभर घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या अंगठ्याखाली एकेक ठेवलं. पचकन फुटली. रिवाजाप्रमाणे जिभेलाही लावलं. कडू नव्हतं, आंबट-तुरट होतं. “चालतंय,” काकू म्हणाल्या, “तोंड वाकडं झाल्याशी कारण.”

संध्याकाळी त्याच दारात पणत्या आणि भोपळ्यातला दिवा असा दुहेरी उजेड होता. चेटकिणी, अंतराळवीर, दोन एल्सा, एक खोक्याचा अग्निबंब. काकूंची फार इच्छा की पोरांच्या हातावर चकली आणि शंकरपाळे ठेवावेत. पण घरी केलेलं खाणं इथे दुसऱ्याच्या मुलांना देत नाहीत, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाला आणखी कशाची. त्यामुळे दुकानातलं वेष्टनबंद चॉकलेटच. ते मात्र काकू हातात देत, परातीतून उचलू देत नसत, आणि प्रत्येकाला मराठीत विचारत, “कोणाचा रे तू?” पोरं आपापलं काहीतरी उत्तर देत. एकालाही अडचण आली नाही.

गर्दी ओसरल्यावर शेजारचे आजोबा आले. सत्तरीपुढचे, कंपनीतून निवृत्त झालेले. हातात झाकलेला काचेचा ट्रे. पर्सिमनचं पुडिंग. इंडियानातलं रानटी पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. झाडावर असताना चावलं तर जीभ घशापर्यंत आवळते, आपण होऊन खाली पडलं की मगच खायचं. त्याचं पुडिंग तपकिरी, जड, जरासं चिकट, दालचिनीच्या वासाचं. मला आवडलं. नवऱ्याला अजिबात नाही, त्याने ते पणतीच्या मागे सरकवून ठेवलं.

आजोबांनी ट्रे दिला आणि विचारलं, “चकली?” च चा उच्चारही व्यवस्थित, ‘चमच्या’तला. ऐंशीच्या दशकात ते पुण्यात राहून गेलेले. कोथरूडच्या कारखान्यात काम आणि डहाणूकर कॉलनीतून रोज पायी येणं-जाणं. त्यांना आठवणारं कोथरूड मला कोणी पुणेकरही इतकं नीट सांगत नाही. कुठे रस्ता संपायचा, कुठून टेकडी सुरू व्हायची, पावसाळ्यात चिखल कुठपर्यंत. गुरुवारी वीज जायची, हे त्यांना विशेष लक्षात होतं. दिवसभर कारखान्यात जनित्रांची इंजिनं तपासायची आणि रात्री घरी मेणबत्ती लावून जेवायचं, याचं त्यांना इतक्या वर्षांनीही हसू येत होतं. मैत्रीण वर्षातून एकदा कामासाठी फलटणला जाते, तिथे आता कंपनीचे मोठे कारखाने आहेत. आजोबांना फलटणबद्दल सगळं ऐकायचं होतं, आणि मैत्रीण सांगतही होती, नकाशा काढून. मी बघत होते. माझ्या सासरच्यांना फलटण म्हटलं की सईबाई आणि निंबाळकर आठवतात. इथे इंडियानातल्या एका स्वयंपाकघरात लोक फलटणच्या टेस्ट सेलबद्दल, म्हणजे इंजिनं तपासायच्या खोल्यांबद्दल, बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी यादी काढली. मैत्रीण म्हणाली, “मला काम आहे गं, रजा दुपारनंतर. तू आईबरोबर जा. ती जाते रोज.”

कुठे जाते? कशी जाते? काकूंना गाडी चालवता येत नाही. आणि अमेरिकेतल्या अशा गावात गाडी नाही म्हणजे घरकोंबडा, हे आपण सगळ्यांनी आपापल्या आईवडिलांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. बरं, काकूंचं या गावाबद्दलचं पहिलं मतही तेच आहे, आणि ते त्यांनी मला चपला घालता घालता सुनावलं. “एवढी थोरामोठ्यांनी बांधलेली गावं म्हणे. वाण्याकडे चालत जाता येत नाही.” मी वाचलेल्या कुठल्याही लेखात हे इतक्या थोडक्यात लिहिलेलं नव्हतं. पण गावात बस आहे. छोटीशी, तासातासाने येणारी, रविवारी नाहीच. काकूंनी ती शोधून काढली आणि तिचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. ड्रायव्हर बाई त्यांना ओळखते. आम्ही चढलो तेव्हा तिने विचारलं, “लायब्ररी?” काकू म्हणाल्या, “येस. टुडे गेस्ट.”

वाचनालय आय. एम. पेई यांचं, १९६९ सालचं. पॅरिसला काचेचा पिरॅमिड उभारायच्या कितीतरी आधी त्यांनी हे इथे विटांत बांधलं. त्याला नाव आहे क्लीओ रॉजर्स यांचं, आणि त्या कोण, तर इथल्या ग्रंथपाल. आपल्याकडे वाचनालयाला ग्रंथपालबाईंचं नाव दिलेलं मला कुठे दिसल्याचं आठवत नाही. आत छताला काँक्रीटचे मोठे मोठे चौकोनी खण आहेत आणि खालच्या हॉलमध्ये कायम एक मंद गुणगुण असते. काकूंकडे कार्ड आहे. मराठी पुस्तकांचा प्रश्नच नाही, पण त्या स्वयंपाकाची आणि बागेची मोठ्या चित्रांची पुस्तकं घेतात, वेळेवर परत करतात आणि इंग्रजी येत नसल्याचा बाऊ करत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत ‘पाय’ या भाजलेल्या, सारणाच्या अमेरिकन पदार्थावर एक जाडजूड पुस्तक होतं. “यातलं एक काही करत नाही मी,” त्या म्हणाल्या, “सगळ्यात लोणीच आहे.”

बाहेर विटांचं पटांगण आहे आणि त्यात शिल्पकार हेन्री मूर यांची कमान. ‘लार्ज आर्च’ तिचं नाव, १९७१ मध्ये इथे बसवलेली, वीसेक फूट उंच, ब्राँझची. ही इमारत झाल्यावर पेईंना वाटलं की समोर काहीतरी हवं, आणि मिलर पतिपत्नींनी ती गावाला दिली. फोटोत ती गुळगुळीत दिसते. जवळून तशी नाही. तुकड्या-तुकड्यांनी ओतून जोडलेली असल्यामुळे सांधे हाताला लागतात, वर हिरवट-निळा गंज आणि त्याखाली तपकिरी, पावसाच्या ओघळांच्या उभ्या रेघा. खाली, मुलांचे हात पोचतात तिथपर्यंत, रंगच वेगळा झालेला आहे. काकूंनी मडकं घेताना वाजवून बघावं तशी ती बोटाच्या पेरांनी वाजवली. आतून पोकळ, भरदार आवाज आला. “भरीव नाहीये,” त्या म्हणाल्या. “पण सावली चांगली देते. उन्हाळ्यात दुपारी इथेच बसते मी. आत एसी फार असतो.”

आम्ही बसलो. समोर रस्त्यापलीकडे १९४२ सालचं चर्च, एलिएल सारिनेन यांचं. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या आधुनिक चर्चांपैकी एक. चौकोनी, अंगावर काही नक्षी नाही, शेजारी १६६ फुटांचा सरळसोट मनोरा आणि त्यावर घड्याळ. मी यादीवर खूण केली. काकूंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “सव्वाअकराची बस गाठायची का सव्वाबाराची?” तेवढ्यात एक तरुण आई तिच्या दोन पोरांना घेऊन आली, पोरं कमानीच्या एका खांबाभोवती पकडापकडी खेळायला लागली, त्यातल्या एकाने काकूंना लपायला मदत मागितली आणि काकूंनी ओढणी पसरून त्याला मागे घेतलं. आम्ही सव्वाबाराचीही गाठली नाही.

यादीतलं बाकीचं मी नंतर मैत्रिणीबरोबर उरकलं, आणि उरकलं हाच शब्द बरोबर आहे. धाकट्या सारिनेनची, म्हणजे एलिएलचा मुलगा एरो याची, १९५४ सालची बँक, काचेची, बसकी, वर छोटे घुमट. त्या घुमटांवरून जुन्या गावकऱ्यांनी जे विनोद केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. व्हेंचुरीचं चार नंबरचं अग्निशमन केंद्र, होज वाळत घालायच्या मनोऱ्यावर भलामोठा ४. तिथे अग्निशमन दलाचा एक जवान हिरवळ कापत होता. नगरपालिकेची इमारत, जिच्या दारावर दोन्ही बाजूंनी विटांच्या तुळया एकमेकींकडे येतात आणि भेटायच्या आधीच थांबतात. पालिकेचं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. झहाराकोसमध्ये आइस्क्रीम खाल्लं, ग्रीक भावांनी १९०० साली काढलेलं दुकान, संगमरवरी सोडा फाउंटन आणि आपोआप वाजणारा जुना भलाथोरला बाजा. जवळच्या ब्राउन काउंटीत पानांचे रंग बघायलाही गेलो. रंग ओसरले होते, गर्दी ओसरली नव्हती.

मिलरांचं स्वतःचं घर मात्र असं उरकता येत नाही. १९५७ सालचं, एरो सारिनेनचंच, बाग डॅन काइलीची आणि आतली सजावट अलेक्झांडर जिरार्डची. हा जिरार्ड म्हणजे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ साली भारतीय वस्त्रांचं जे गाजलेलं प्रदर्शन झालं, त्याची मांडणी करणारा. घराच्या बैठकीत तो मोकळा सुटलेला दिसतो. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी खोलीच्या मध्ये जमिनीत एक चौकोनी खड्डा, पायऱ्या उतरून जायचं, आत चारी बाजूंनी बैठक आणि त्यावर रंगीबेरंगी उशांची गर्दी. गाइड सांगत होती की उन्हाळ्यात फिक्या आणि हिवाळ्यात लालसर उशा असा इथे ऋतूप्रमाणे बदल होई. सगळे जण कौतुकाने बघत होते. काकूंनी माझ्या कानात विचारलं, “यातला केर कुठून काढतात?”

मी हसले, मग विचार करत राहिले. कारण बाई खरंच बोलली होती. हे घर सांभाळायला माणसं होती. गावातल्या शाळा, वाचनालय, चर्च यांनाही केर काढणारी माणसं लागतात, आणि वास्तुशिल्पकाराची फी देणारं कुणी भेटलं तरी छताची डागडुजी पुढची साठ वर्षं गावालाच करावी लागते. थोरल्या सारिनेनच्या चर्चचा मनोरा ढासळायला लागला होता, तो अलीकडेच पैसे जमवून दुरुस्त केला. खाली नदीकाठचं उद्यान तर पूर येणार हे धरूनच बांधलं आहे. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या तिथे मिळतात, त्यामुळे पूर आला की झोपाळे पाण्यात. पण जून २००८ मध्ये गावातल्या हॉ क्रीक नावाच्या ओढ्याने, ज्याच्याकडे कुणी लक्षही देत नसे, इस्पितळात पाणी घातलं. रुग्णांना रातोरात हलवावं लागलं आणि इस्पितळ कित्येक महिने बंद होतं. मैत्रिणीचे शेजारी, ते चकलीवाले आजोबा, तेव्हा वाळूच्या पिशव्या भरायला गेले होते. त्यांना या गावातल्या इमारतींबद्दल विचारलं तर ते सारिनेनचं नाव घेत नाहीत, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हाताने दाखवतात.

रविवारी निघालो. भाऊबीज. काकूंनी पहाटेच व्हिडिओ कॉलवर धाकट्या भावाला ओवाळलं होतं, निरांजन फोनच्या इतकं जवळ नेऊन की जावई पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. त्याच रात्री घड्याळं तासभर मागे गेली होती आणि वाटेत आणखी एक तास परत मिळणार होता, त्यामुळे वेळच वेळ होता. मैत्रीण म्हणाली, जाता जाता नॉर्थ ख्रिश्चन चर्च बघून घ्या, मीही येते. काकूही गाडीत बसल्या, कारण रविवारी बस नाही.

हे एरो सारिनेनच्या शेवटच्या कामांपैकी एक. तो १९६१ मध्ये गेला, चर्च १९६४ मध्ये पूर्ण झालं. षटकोनी, जमिनीला टेकलेलं छत, सगळ्या कडा वर चढत चढत एका १९२ फुटांच्या सुळक्यात मिळतात. गावातले लोक त्याला तेलाचा डबा म्हणत, इंजिनात तेल घालायला चोचीचा असतो तो. इंजिनवाल्यांच्या गावात दुसरं काय म्हणणार? पण चर्चला येणारी माणसं कमी होत गेली आणि २०२२ मध्ये मंडळीच विसर्जित झाली. मग ती इमारत सार्वजनिक वाचनालयाने आपल्याकडे घेतली. आता तिचं काय करायचं याच्या बैठका होतात आणि मैत्रीण त्यांना जाते. हे मला माहीतच नव्हतं. कॉलेजात गॅदरिंगच्या मीटिंगला न येणारी ही.

दार बंद होतं. आम्ही पानांचा कचरा तुडवत भोवती फिरलो. मैत्रीण सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज चढत होता. छत गळतं. हीटिंग जुनं. पार्किंग भरपूर आहे पण फुटपाथ नाही. काही जणांना तिथे संगीताचे कार्यक्रम हवेत, काही जणांना काहीच नको, नुसती जपून ठेवा. “आणि पैसे कोण देणार? आमच्याच टॅक्समधून जाणार ना! मी उभी राहून विचारलं, दुरुस्तीचा आकडा सांगा आधी. तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी इमारत पाडा म्हटलंय.”

“आत कसं आहे?” काकूंनी विचारलं.

“मध्ये वेदी आहे, आई. आणि तिच्याभोवती सहाही बाजूंनी बाकं. उतरत्या पायऱ्यांवर. वरून सुळक्याच्या बुडातून उजेड येतो, थेट मध्यावर.”

काकूंनी सुळक्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पार्किंगकडे.

“किती माणसं बसतात?”

“असतील पाचेकशे.”

“मग मुंजी-लग्नांना द्या की भाड्याने. इथे आपल्या लोकांना हॉल मिळत नाही म्हणून इंडियानापोलिसला जावं लागतं, परवाच ती सातारची सांगत होती. मध्ये होमकुंड, भोवती माणसं. सगळ्यांना दिसेल.” जराशा थांबल्या. “स्वयंपाकघर आहे का खाली? पाणी, गॅस?”

मैत्रीण काही बोलणार होती. मग तिने फोन काढला आणि टिपण्यांत लिहून घेतलं.

“पुढच्या बैठकीत विचारते,” ती म्हणाली.

“आणि फुटपाथचंही विचार,” काकू म्हणाल्या. “बस इथे थांबत नाही.”